व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि डिप्रेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. नागपुरात धंतोलीत दुकानाच्या काउंटरवर आणि मग रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न येऊन राहिले, म्हणून सगळे एका जागी लिहून काढले. प्रश्न तुमच्याच शब्दांत ठेवले आहेत. ज्यांना आत्ता जीव नकोसा होऊन राहिला त्यांनी बाकी सगळं सोडा, आधी १५ नंबरचा प्रश्न वाचा.

१. ताई, महिनाभरापासून उदास वाटून राहिलं, काही करावंसंच वाटत नाही. व्हिटॅमिन कमी असेल का?

असू शकतं. बी१२, फोलेट, डी, लोह यातलं काही कमी पडलं की थकवा येतो, चिडचिड होते, लक्ष लागत नाही, झोप बिघडते, आणि नेमकी हीच लक्षणं डिप्रेशनचीपण आहेत, त्यामुळे नुसतं चेहरा पाहून कोणालाच फरक सांगता येत नाही, मलाही नाही. थायरॉइड मंदावलं तरी माणूस असाच दिसतो. पण उलटंही खरं आहे, सगळे रिपोर्ट नॉर्मल आणि तरी पक्कं डिप्रेशन, असे लोक भरपूर असतात. डॉक्टर साधारण हे विचारतात की उदासी किंवा कशातच रस न वाटणं हे दोन आठवडे किंवा जास्त, जवळपास रोज, दिवसाचा बराच वेळ चाललंय का आणि त्यापायी काम, अभ्यास, घर अडून राहिलं का. तुमचं उत्तर हो असेल तर टेस्ट पण करा आणि डॉक्टरलाही दाखवा. एक झाल्यावर दुसरं असं नको, दोन्ही सोबत.

२. व्हिटॅमिनने डिप्रेशन बरं होतं का? हो की नाही तेवढं सांगा.

कमतरता असेल तर ती भरून काढल्याचा फायदा होतो, कधीकधी चांगलाच होतो. कमतरता नसेल तर वरून घेतलेल्या गोळीने डिप्रेशन जात नाही. एवढंच उत्तर आहे, पण लोकांना पहिलं वाक्य लक्षात राहतं आणि दुसरं विसरतं.

युरोपातल्या चार देशांत मूडफूड नावाचा मोठा अभ्यास झाला, २०१९ मध्ये छापून आला. वजन जास्त असलेले आणि थोडीफार उदासी असलेले १०२५ लोक घेतले होते, त्यातल्या काहींना वर्षभर ओमेगा-३, फॉलिक अ‍ॅसिड (म्हणजे गोळीतलं फोलेट), व्हिटॅमिन डी आणि सेलेनियम दिलं, बाकीच्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी दिली. वर्षाअखेर डिप्रेशन व्हायचं प्रमाण व्हिटॅमिनवाल्यांमध्ये कमी झालं नाही. म्हणून कोणी 'मूड बूस्टर' म्हणून महागडा डबा घेऊन द्यायला सांगितलं तर मी आधी रिपोर्ट मागते.

३. कोणत्या टेस्ट करायच्या? फुल बॉडी पॅकेज घेऊ का?

पॅकेजची गरज नाही. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), बी१२, व्हिटॅमिन डी (रिपोर्टवर '२५-हायड्रॉक्सी' असं लिहिलेलं असते), टीएसएच (थायरॉइडसाठी), फेरिटिन (लोहाचा साठा) आणि शुगर, एवढ्यात बहुतेकांचं काम होते. यातलंही काय लागते ते डॉक्टरने ठरवलेलं बरं.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, रक्त आधी द्या आणि गोळ्या नंतर सुरू करा. बी१२च्या गोळ्या थोडे दिवस जरी घेतल्या तरी रिपोर्टमधला आकडा वर जातो, मग मुळात किती होतं ते कळायला मार्गच राहत नाही. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर आधी ११ नंबर वाचा. आणि तब्येत जास्त खराब असेल, जेवण-झोप सुटली असेल, तर रिपोर्टची वाट पाहत घरी बसू नका.

४. माझं बी१२ २३० आलं. लॅबवाला म्हणते नॉर्मल आहे, पण पायाला मुंग्या येतात आणि मनही लागत नाही. काय समजू?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो, म्हणून सविस्तर लिहिते. बहुतेक लॅब २००च्या आसपासचा आकडा खालची हद्द म्हणून धरतात, युनिट पिकोग्रॅम प्रति मिली. २००च्या खाली म्हणजे कमतरता. पण २०० ते ३०० हा मधला पट्टा आहे, यात कोणाला काहीच त्रास नसतो आणि कोणाच्या पेशींना प्रत्यक्षात बी१२ पुरतच नसते. अशा वेळी डॉक्टर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिड अशी पुढची टेस्ट सांगतात, हे दोन्ही वाढलेले असतील तर बी१२ खरंच कमी पडून राहिलं असं धरतात. तुम्हाला मुंग्या आहेत म्हणजे नसांचा प्रश्न असू शकतो, तेव्हा 'नॉर्मल आहे' म्हणून सोडून देऊ नका, फिजिशियनला दाखवा.

मनाशी याचा संबंध असा की बी१२ आणि फोलेट मिळून शरीरात एक रसायन बनवायला मदत करतात, त्याचं लांबलचक नाव एस-अ‍ॅडेनोसिल मिथिओनिन, आणि सेरोटोनिन, डोपामाइन या मेंदूतल्या रसायनांच्या कामात ते लागते. बी१२ खूप कमी झालं की उदासी, विसराळूपणा, चिडचिड आणि क्वचित भ्रम होण्यापर्यंत गोष्ट जाते. रक्त कमी नसतानाही हे होऊ शकते, त्यामुळे 'हिमोग्लोबिन तर चांगलं आहे' हे कारण पुरेसं नाही.

सीबीसीमध्ये एमसीव्ही म्हणून तांबड्या पेशींच्या आकाराचा एक आकडा असते, तो १००च्या वर असला तर बी१२ किंवा फोलेटचा संशय येतो. पण सोबत लोहपण कमी असलं, आणि आपल्याकडे बायांमध्ये हे फार असते, तर दोन्ही मिळून तो आकडा मधोमध येऊन बसतो आणि सगळं ठीक वाटते.

५. आम्ही घरात पक्के शाकाहारी. बी१२ कुठून आणायचं? आणि आणखी कोणाला कमी पडते?

बी१२ प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांतच असते. दूध, दही, ताक, पनीर हे तुमचे मार्ग. एका मोठ्या ग्लास दुधात साधारण १ मायक्रोग्रॅम मिळते, मोठ्या माणसाची रोजची गरज दोन-अडीचच्या आसपास आहे. म्हणजे चहात घातलेल्या दोन चमचे दुधाने भागत नाही. अंडी चालत असतील तर चांगलंच. स्पिरुलिनाच्या गोळ्यांवर भरवसा ठेवू नका, त्यातलं बी१२ बहुतांशी शरीराला वापरता येत नाही अशा प्रकारचं असते.

मांसाहारी माणसालाही कमी पडू शकते बरं का. दर रविवारी सावजी खाणाऱ्यालापण. शुगरसाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणारे, अ‍ॅसिडिटीची पँटोप्राझोल-ओमेप्राझोल रोज सकाळी सवयीने घेणारे, साठीच्या पुढचे, पोटाचं किंवा आतड्याचं ऑपरेशन झालेले, या सगळ्यांमध्ये बी१२ शोषलंच कमी जाते. लिव्हरमध्ये साठा वर्षानुवर्षे पुरतो, म्हणून कमतरता फार हळूहळू उघडी पडते आणि माणूस म्हणत राहतो की वय झालं.

६. इंजेक्शनच घ्यावं लागते का? गोळीने नाही होत?

पुष्कळांना गोळी पुरते. पोटात बी१२ शोषायला एक खास प्रोटीन लागते आणि त्याची क्षमता एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमचीच, पण त्याशिवाय मोठ्या डोसमधलं एक टक्क्याच्या आसपास तसंच आत जाते. म्हणून १५०० मायक्रोग्रॅमची गोळी असते, आकडा पाहून घाबरू नका. नसांचा त्रास असेल, आकडा फारच खाली असेल किंवा शोषणच बिघडलं असेल तर डॉक्टर इंजेक्शनने सुरुवात करतात. माझ्याकडे चिठ्ठीशिवाय 'एक इंजेक्शन ठोकून द्या' म्हणून येतात, ते मी देत नाही.

७. नागपुरात एवढं ऊन असून व्हिटॅमिन डी कमी काहून येते?

कारण त्या उन्हात आपण उभे कुठे राहतो! मे महिन्यात पारा ४५च्या वर जाते, नवतपा लागला की दुपारी रस्ता ओस पडते, बाकीचे दिवस ऑफिसात, आणि गाडीवर निघालं की तोंडाला स्कार्फ, हाताला लांब ग्लोव्हज. ते बरोबरच आहे, उष्माघात कोणाला पाहिजे. पण मग त्वचेला ऊन मिळतच नाही. खिडकीच्या किंवा कारच्या काचेतून येणारं ऊन याच्या कामाचं नाही, काच ते ठरावीक किरण अडवते. सकाळी सहाच्या कोवळ्या उन्हातपण फारसं डी तयार होत नाही, सूर्य वर आल्यावरचं ऊन लागते, त्यामुळे थंडीचे महिने आपल्यासाठी सोयीचे, डिसेंबर-जानेवारीत अकरा-बाराच्या सुमारास हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ गच्चीवर बसता येते. सावळ्या कातडीला जास्त वेळ लागते.

८. डी वाढवलं की मूड सुधारतो का?

२०च्या खाली (नॅनोग्रॅम प्रति मिली) असेल तर हाडं, स्नायू, अंगदुखी यासाठी भरून काढायलाच पाहिजे, आणि अंग दुखायचं थांबलं की माणूस खुलतोही. पण डिप्रेशन टाळायचं औषध म्हणून डी चालत नाही. अमेरिकेत पन्नाशीच्या पुढच्या १८,३५३ लोकांवर पाच वर्षांहून जास्त काळ अभ्यास झाला, अर्ध्यांना रोज २००० युनिट डी दिलं, आणि २०२० मध्ये निकाल आला तेव्हा डिप्रेशन होण्यात किंवा मूडच्या गुणांत काहीच फरक नव्हता. हे लोक बहुतेक डीची मोठी कमतरता नसलेले होते, हेही ध्यानात घ्या. ज्याचं डी ८ आलंय त्याला हा निकाल दाखवून 'काही उपयोग नाही' म्हणणं चुकीचं होईल.

९. डीचं ते ६०,००० युनिटवालं सॅशे रोज घेतलं तर लवकर भरून निघेल ना?

नाही! कृपा करून असं करू नका. ते सहसा आठवड्यातून एक, असे साधारण ८ आठवडे देतात आणि मग डॉक्टर डोस कमी करतात. डी चरबीत साठते, पाण्यासारखं लघवीतून निघून जात नाही. महिनोन्महिने जास्त घेतलं की रक्तातलं कॅल्शियम वाढते, मग उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी, किडनीला त्रास, आणि मन सुन्न होणं, गोंधळणंसुद्धा. म्हणजे ज्यासाठी घेतलं तेच बिघडते. मी सॅशेच्या डब्यावर पेनाने 'फक्त रविवारी' असं लिहून देते, तुम्हीपण घरी कॅलेंडरवर खूण करा. घ्यायचं ते जेवणानंतर किंवा दुधासोबत, उपाशीपोटी नको.

१०. डॉक्टरने डिप्रेशनच्या गोळीसोबत फॉलिक अ‍ॅसिड का दिलं? आणि आमच्या घरी सिकलसेल आहे, त्याला तर आधीच चालू आहे.

फोलेट कमी असलेल्यांना डिप्रेशनच्या औषधाचा गुण कमी येतो असं दिसलं होतं, तिथून ही कल्पना आली. २००० साली इंग्लंडमधल्या एका अभ्यासात १२७ पेशंटना फ्लुऑक्सेटिनसोबत रोज ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड किंवा नुसती बिनऔषधाची गोळी दिली, फॉलिक अ‍ॅसिडचा फायदा बायांमध्ये स्पष्ट दिसला. मग २०१४ मध्ये वेल्समधला ४७५ लोकांचा मोठा अभ्यास आला, त्यात ५ मिलीग्रॅम देऊनही जास्तीचा फायदा मिळाला नाही. मिथाइलफोलेट म्हणून दुसरा प्रकार मिळते, २०१२ च्या अमेरिकन अभ्यासात औषधाला दाद न देणाऱ्यांना ते दिलं तर ७.५ मिलीग्रॅमने काही झालं नाही, १५ने झालं. म्हणजे काही निवडक पेशंटमध्ये, मुख्य औषधासोबत, मनोविकारतज्ज्ञाने ठरवून द्यायची ही गोष्ट आहे.

विदर्भात सिकलसेल भरपूर, म्हणून हे वेगळं लिहिते. त्यात तांबड्या पेशी लवकर तुटतात, नव्या बनवायला फोलेट जास्त लागते, तेव्हा चालू असलेली गोळी बंद करायची नाही. पण बी१२पण कमी असेल आणि नुसतं फॉलिक अ‍ॅसिडच चालू राहिलं तर रक्त सुधारलेलं दिसते आणि नसांचं नुकसान आतून चालू राहते, त्यामुळे बी१२ तपासून घ्या. लोहाची गोळी मात्र आपल्या मनाने अजिबात नको, वारंवार रक्त चढवलेल्यांमध्ये लोह आधीच साठलेलं असू शकते. आणि सिकलसेलच्या पोराला सारख्या दुखण्याने उदासी आली तर 'त्याला तर आजारच आहे' म्हणून ती बाजूला टाकू नका, तीपण उपचार करण्यासारखी गोष्ट आहे.

११. मी केसांसाठी बायोटिन घेते. त्याचा काय संबंध?

मूडशी नाही, रिपोर्टशी आहे. केसांच्या गोळ्यांमध्ये ५ किंवा १० मिलीग्रॅम बायोटिन असते, आणि काही लॅबच्या मशीनवर त्याने थायरॉइडचा रिपोर्ट खोटा येतो, टीएसएच कमी दिसते, थायरॉइड वाढलंय असं वाटते. काही मशीनवर बी१२ आणि डीपण आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकते. रक्त द्यायच्या दोन-तीन दिवस आधी गोळी बंद ठेवा आणि लॅबवाल्याला सांगा.

१२. बी-कॉम्प्लेक्स तर साधंच असते, रोज घेतलं तर काय बिघडते? आणि ओमेगा-३, जवस?

साध्या डोसच्या बी-कॉम्प्लेक्सने सहसा बिघडत नाही, लघवी पिवळी होते तेवढं. पण नसांसाठी म्हणून ज्या 'फोर्ट' गोळ्या असतात त्यात बी६ किती आहे ते पाहा. रोज १०० मिलीग्रॅम किंवा जास्त बी६ महिनोन्महिने घेतलं तर त्यानेच हातापायाला मुंग्या आणि बधिरपणा येऊ शकते, काहींना त्याहून कमी डोसमध्येपण. मुंग्या वाढल्या म्हणून माणूस आणखी गोळ्या घेतो. एकाच वेळी दोन-तीन ब्रँड चालू असतील तर सगळ्या पट्ट्या घेऊन या, बेरीज करून सांगते.

ओमेगा-३ व्हिटॅमिन नाही, पण विचारता म्हणून. डिप्रेशनमध्ये थोडाफार उपयोग दिसला तो ईपीए (ओमेगा-३चा एक प्रकार) जास्त असलेल्या माशाच्या तेलाचा, तोही औषधासोबत. जवसातलं ओमेगा-३ वेगळं, त्याचं ईपीए शरीरात फार थोडं बनते. जवसाची चटणी जरूर खा, चांगलीच आहे ती, पण तिला उपचार समजू नका.

१३. डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत. सोबत व्हिटॅमिन चालते का?

एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन यांच्यासोबत बी१२, डी, फॉलिक अ‍ॅसिड साध्या डोसमध्ये चालते. अडचणीच्या जागा वेगळ्या आहेत:

'नॅचरल' मूड कॅप्सूलमध्ये सेंट जॉन्स वर्ट किंवा ५-एचटीपी असेल तर या गोळ्यांसोबत नकोच, सेरोटोनिन धोकादायक वाढू शकते, ताप, थरथर, धडधड, गोंधळ. लिथियम चालू असेल तर त्यानेही कॅल्शियम वाढू शकते, म्हणून डीचा मोठा डोस डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. फिटसाठी फेनिटोइन असेल तर फॉलिक अ‍ॅसिडच्या मोठ्या डोसने त्याची रक्तातली पातळी उतरू शकते. थायरॉइडच्या गोळीत आणि लोह-कॅल्शियमच्या गोळीत चार तासांचं अंतर. मेटफॉर्मिनचं ५ नंबरमध्ये सांगितलंच आहे, ते बंद करायचं नसते, बी१२ तपासायचं असते.

१४. बी१२ भरलं, आता मस्त वाटून राहिलं. डिप्रेशनची गोळी बंद करू का?

आपल्या मनाने नाही. तुम्हाला बरं वाटते ते कशामुळे हे तुम्हाला घरी बसून कळणार नाही, बहुतेकदा दोन्ही मिळून असते, आणि डिप्रेशनचं औषध असर दाखवायला दोन ते सहा आठवडे घेते, म्हणजे तुमचे बी१२चे आठवडे आणि त्याचे आठवडे एकावर एकच आलेले असतात. एकदम बंद केलं तर चक्कर, डोक्यात करंट लागल्यासारखं, झोप उडणं, रडू येणं असं होऊ शकते. पहिल्या वेळचं डिप्रेशन असेल तर बरं वाटल्यानंतरही साधारण सहा महिने तरी औषध चालू ठेवतात आणि मग हळूहळू उतरवतात. मी रिफिलची तारीख चुकलेले पेशंट पाहते, त्यातले किती तरी जण परत येतात ते आधीपेक्षा वाईट अवस्थेत. फार वाईट वाटते मला. खर्च परवडत नसेल तर तसं सांगा, जनऔषधीमध्ये तीच औषधं स्वस्तात मिळतात.

१५. डोक्याच्या डॉक्टरकडे गेलं तर लोक काय म्हणतील? आणि कधीकधी जगायचंच नको वाटते.

दुसरं आधी. जगणं नको वाटत असेल तर आजच कोणाला तरी सांगा, एकटे राहू नका. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येते. काही करून बसायची भीती असेल तर ११२ किंवा १०८, किंवा सरळ कॅज्युअल्टी. घरच्यांनो, गोळ्यांचा साठा, कीटकनाशक त्या माणसाच्या हाताशी ठेवू नका. 'असं काय बोलून राहिला' म्हणून गप्प करू नका, विचारा. विचारल्याने विचार वाढत नाही.

लोकांचं म्हणाल तर नागपुरातली सरकारी हॉस्पिटलं, मेडिकल, मेयो, मिहानचं एम्स, तिन्हीकडे मानसोपचाराची ओपीडी आहे आणि तिथे रांगेत तुमच्यासारखेच नोकरी करणारे, कॉलेजची पोरं, आजी-आजोबा बसलेले असतात. प्रादेशिक मनोरुग्णालयाचीपण ओपीडी आहे, तिथे गेलं म्हणजे भरतीच करतात असं नाही. व्हिटॅमिन घेत घेत वाट पाहायची आणि डॉक्टरकडे जाणं पुढे ढकलायचं, यात गेलेले महिने परत मिळत नाहीत.

१६. घरी बाळंतीण आहे, सारखी रडते. व्हिटॅमिन देऊ का?

बाळंतपणानंतरचं रडू साधारण दोन आठवड्यांत ओसरते. त्याहून लांबलं, बाळाकडे पाहावंसं वाटेना, झोप मिळत असूनही लागेना, तर डॉक्टर, लगेच. सोबत हिमोग्लोबिन, बी१२ आणि थायरॉइड तपासा, कारण बाळंतपणानंतर तिन्ही बिघडू शकतात. आईचं बी१२ कमी असेल तर नुसत्या अंगावरच्या दुधावरच्या बाळालाही कमी पडते, बाळ सुस्त होते, वाढ थांबते, हातपाय थरथरतात. त्यामुळे इथे दोन जिवांचा प्रश्न आहे. दूध पाजताना चालणारी डिप्रेशनची औषधं आहेत, 'दूध पाजते म्हणून काही घेता येणार नाही' असं कोणी म्हटलं तर मनोविकारतज्ज्ञाला विचारून खात्री करा.

१७. वडील ७२चे. विसरतात, चिडतात, बोलत नाहीत. म्हातारपण की डिप्रेशन?

किंवा बी१२, किंवा थायरॉइड, किंवा विसराळूपणाच्या आजाराची सुरुवात, किंवा कमी ऐकू येणं. म्हणून अंदाज नको. ५ नंबरमधल्या यादीत ते दोन-तीन ठिकाणी बसत असतील. सगळ्या चालू औषधांची चिठ्ठी घेऊन फिजिशियनकडे न्या. चालताना तोल जात असेल तर उशीर करू नका, बी१२च्या कमतरतेमुळे मज्जारज्जूला झालेलं नुकसान फार दिवस राहिलं तर पूर्ण भरून येत नाही.

१८. सुरू केल्यावर फरक कधी कळते? टेस्ट परत कधी?

बी१२मध्ये थकवा काही आठवड्यांत कमी होतो, मुंग्यांना महिने लागतात. डी परत तपासायचं तर तीन महिन्यांनी, त्याआधी पैसे वाया. बी१२चं डॉक्टर सांगतील तसं, गोळी चालू असताना आकडा जास्तच येणार, त्यावरून औषध बंद करू नका, कमतरतेचं कारण (शाकाहार, मेटफॉर्मिन) कायम असेल तर गोळीपण कमी डोसमध्ये चालू ठेवावी लागते. आणि चार ते सहा आठवड्यांत मनाला काहीच फरक नसेल तर आणखी व्हिटॅमिन घ्यायला दुकानात येऊ नका, रिपोर्ट घेऊन डॉक्टरकडे जा.